सिल्व्हरचा आळ दमट हवेवर

कोकणात प्लास्टिक मोल्डिंगचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेले असते: 'आमची हवा दमट, माल सिल्व्हर मारणारच.' सिल्व्हर म्हणजे इंजेक्शन मोल्डिंगच्या वस्तूवर उमटणाऱ्या चंदेरी रेघा. वितळलेले प्लास्टिक साच्यात ज्या वाटेने धावले त्याच वाटेने त्या पसरतात, आणि गिऱ्हाइकाने पीस हातात घेतला की पहिली नजर तिथेच जाते. ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीत, जिल्हा उद्योग केंद्र आहे. तिथून दक्षिणेला थोड्याच अंतरावर कुडाळची औद्योगिक वसाहत आहे. तरीही दिसायला चांगली लागणारी प्लास्टिकची वस्तू करायची म्हटली की सल्ला मिळतो तो पुण्याला, वसईला नाहीतर दमणला जाण्याचा. या मताला अनुभवाच्या बोलाचा मान मिळालेला आहे. तो त्याला मिळू नये, असे माझे म्हणणे आहे.

पूर्वपक्ष

पूर्वपक्ष दुबळा करून खोडण्यात अर्थ नसतो, म्हणून तो त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. प्लास्टिकच्या दाण्यांत पाणी असेल तर २०० अंशांच्या पुढे तापलेल्या बॅरलमध्ये त्याची वाफ होणार, हे उघड आहे. ही वाफ थोडीथोडकी नसते. २०० ग्रॅमच्या वस्तूला लागणाऱ्या दाण्यांत ०.३ टक्के पाणी असेल तर ते भरते ०.६ ग्रॅम, पण तेवढ्याच पाण्याची वाफ साध्या दाबाखाली लिटरभर जागा मागते. बॅरलमधल्या प्रचंड दाबात ती दबून राहते. साच्यात शिरण्याचे तोंड, म्हणजे गेट, ओलांडून दाब उतरला की तिचे बुडबुडे होतात, ते प्रवाहाच्या तोंडाशी येऊन फुटतात आणि साच्याच्या भिंतीवर घासले जाऊन त्यांची रेघ होते. त्यात पावसाळ्यात रिजेक्शन वाढते, हा मशीनवर उभ्या राहणाऱ्या ऑपरेटरचा अनुभव. शास्त्र आणि अनुभव एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर हवेला दोषी धरायला हरकत कोणती?

यातले प्रत्येक विधान खरे आहे. निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

व्याप्ती टिकत नाही

'जेथे अग्नी तेथे धूर' हे विधान आपले नैयायिक मान्य करत नाहीत. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या सरपणाच्या संयोगाने; ओले सरपण ही तिथली उपाधी. ती नजरेआड केली की अग्नीवर नसता आरोप येतो. 'जेथे दमट हवा तेथे सिल्व्हर' या विधानातही अशीच उपाधी दडली आहे, आणि एक नव्हे, अनेक.

आधी उलटे दाखले पाहू. सिंगापूरला कोरडा असा ऋतूच नाही. मलेशियाचे पेनांगही तसेच. दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक्ससाठी आणि वैद्यकीय उपकरणांसाठी लागणारे अत्यंत नेटके मोल्डिंग कित्येक दशके होत आले आहे. आपल्याकडे प्लास्टिक अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची सिपेट ही संस्था १९६८ साली सुरू झाली ती मद्रासला, समुद्रकाठच्या घामट शहरात. आणि ज्या दमणला जाण्याचा सल्ला दिला जातो, ते तर थेट अरबी समुद्राला लागून आहे. दमणचा समुद्र चालतो आणि मालवणचा चालत नाही, याचे कारण हवेत सापडणार नाही.

दुसऱ्या बाजूने बघा. मे महिन्यात जळगावची हवा कोरडीठाक असते. पण तिथेही मशीनचा स्क्रू भरधाव फिरवला आणि बॅक प्रेशर, म्हणजे मागे सरकणाऱ्या स्क्रूला दिलेला विरोध, शून्यावर ठेवले तर सिल्व्हर येते. दमट हवा असून डाग नाही आणि दमट हवा नसून डाग आहे, असे दोन्ही दाखले मिळाल्यावर हवेला कारणपद देता येत नाही.

सगळे दाणे पाणी घेत नाहीत

पूर्वपक्षाची पहिली चूक 'प्लास्टिक' हा एकच पदार्थ मानण्याची आहे. मालवणच्या किंवा देवगडच्या बंदरावर मासळीचे क्रेट दिसतात, एप्रिल-मेमध्ये आंब्याचे क्रेट दिसतात, मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या दिसतात. क्रेट बहुधा एचडीपीईचे, खुर्च्या पॉलिप्रॉपिलीनच्या. या दोन्ही प्लास्टिकांची रेणुरचना पाण्याला जवळ करत नाही. त्यांच्या दाण्यांत मुरणारे पाणी ०.०३ टक्क्यांपर्यंतही जात नाही. भर आषाढात पोते उघडे राहिले तरी दाण्याच्या अंगावर ओल बसेल, आत शिरणार नाही. आणि अंगावरची ओल दाणे ओतायच्या हॉपरमध्ये थोडी गरम हवा फिरवली की जाते.

तरीही या मालावर सिल्व्हर येते. मग ते येते कुठून? बहुतेक वेळा अडकलेल्या हवेतून. दाण्यांमध्ये पोकळी असते आणि तीत हवा असते. १९४६ साली जेम्स हेन्ड्रीने इंजेक्शन मशीनला दट्ट्याऐवजी फिरता स्क्रू बसवला, त्याचा एक मोठा फायदा हाच होता: स्क्रू दाणे दाबत पुढे नेतो आणि मधली हवा हॉपरकडे मागे पिळून काढतो. ऑपरेटरने सायकल टाइम वाचवण्यासाठी बॅक प्रेशर उतरवले की हे पिळणे थांबते. शॉट भरून झाल्यावर स्क्रू जास्त मागे ओढला, ज्याला कारखान्यात सक-बॅक म्हणतात, तरी नोझलमधून हवा आत घेतली जाते आणि गेटपाशी रेघा उमटतात. गेट बारीक असून इंजेक्शनचा वेग जास्त असेल तर घर्षणानेच प्लास्टिक जळते आणि त्याचा वायू रेघ मारतो. यांपैकी एकाही गोष्टीचा पावसाशी संबंध नाही.

एक बारकावा पूर्वपक्षाच्या बाजूने नोंदवला पाहिजे. स्वस्त खुर्चीत कॅल्शियम कार्बोनेटचा फिलर असतो, रंगासाठी मास्टरबॅच असतो. मूळ पॉलिप्रॉपिलीन पाणी घेत नसले तरी फिलर आणि काळा मास्टरबॅच ओल धरतात. म्हणजे फिलरचे पोते तोंड बांधून ठेवले तर प्रश्न मिटतो. त्यासाठी कारखाना पुण्याला हलवावा लागत नाही.

जे दाणे पाणी घेतात त्यांचे काय?

पूर्वपक्षाचे खरे बळ इथे आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. एबीएस हवेतून ०.२ ते ०.४ टक्के पाणी घेते; मोल्डिंगसाठी ते ०.१ टक्क्याच्या खाली हवे. पॉलिकार्बोनेट ०.०२ टक्क्यांपर्यंत वाळवावे लागते. नायलॉन ६ या सगळ्यांत अवघड. मध्यम आर्द्रतेच्या हवेत ते सावकाश अडीच-तीन टक्के पाणी मुरवते, पाण्यात ठेवले तर नऊ टक्क्यांच्याही पुढे जाते. आणि मशीनवर जाताना ते ०.२ टक्क्यांच्या आत असावे लागते. बाटल्यांच्या पेटची अट तर ०.००५ टक्क्यांची.

आता साध्या हॉपर ड्रायरचा हिशेब करू. हा ड्रायर भोवतालचीच हवा तापवून दाण्यांतून सोडतो. कुडाळची जुलैतली हवा २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची धरू. ती ८० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता साधारण ७ टक्क्यांवर येते. पुण्याची मे महिन्यातली ३८ अंश आणि २० टक्क्यांची हवा तशीच तापवली तर ती ३ टक्क्यांच्या खाली जाते. फरक आहे, नाकारून चालणार नाही. एबीएसला ७ टक्क्यांची हवाही पुरते. ८० अंशांवर दोन ते चार तास दिले की ते वाळते. नायलॉन मात्र त्या हवेत कितीही वेळ ठेवले तरी ०.२ टक्क्यांच्या खाली उतरेल याची हमी राहत नाही. उलट फार तापवले तर पिवळे पडते. पावसाळ्यात नायलॉन आठ तास वाळवूनही सिल्व्हर जात नाही, अशी तक्रार येते तिचे मूळ हे आहे.

पण एवढ्यावरून सिद्ध काय झाले? नायलॉनसाठी हॉपर ड्रायर हे अपुरे साधन आहे, इतकेच. डिह्युमिडिफाइंग ड्रायर भोवतालच्या हवेवर अवलंबून नसतो. तो हवा आर्द्रताशोषकातून फिरवून तिचा दवबिंदू उणे ४० अंशांपर्यंत नेतो आणि तीच हवा बंद वळशात पुन्हा पुन्हा वापरतो. त्याच्या दृष्टीने कुडाळ आणि जळगाव सारखेच. त्यानंतर उरते ती शिस्त: नायलॉनचे आतून फॉइल लावलेले पोते लागेल तेव्हाच फोडणे, उरलेला माल हवाबंद करणे, आणि वाळवलेले दाणे उघड्या बादलीतून मशीनपर्यंत न नेणे. ग्राइंडिंगच्या, म्हणजे दळून पुन्हा वापरायच्या, मालालाही हाच नियम. तो माल वापरलाच पाहिजे. पण रात्रभर उघडा राहिलेला आणि धुळीने भरलेला ग्राइंडिंग माल नव्या मालात मिसळला तर ड्रायरवर केलेला खर्च वाया जातो.

दव साच्यावर पडते

दमट हवेचा एक परिणाम खरा आहे, पण पूर्वपक्ष त्याच्याकडे पाहतच नाही, कारण तो दोष दाण्यात शोधतो आणि परिणाम घडतो साच्यावर. सायकल लवकर उरकावी म्हणून अनेक ठिकाणी चिलरचे पाणी १०-१२ अंशांवर ठेवतात. वर धरलेल्या जुलैतल्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश आहे. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागाला घाम फुटणार. साचा उघडा असताना त्याच्या चकचकीत भिंतीवर पाण्याचा पातळ थर बसतो, पुढच्या शॉटचे तापलेले प्लास्टिक त्यावर आदळते, आणि पृष्ठभागावर रेघा किंवा मळकट पट्टे येतात. दाणे कितीही वाळवा, हा डाग जाणार नाही. मग 'इतके वाळवूनही येतोच' म्हणून पुन्हा हवेच्या नावाने खडे फोडले जातात.

हिशेब थोडा पुढे नेला की एक गंमत दिसते. कोकणातली जानेवारीची दुपार, ३० अंश आणि ५५ टक्के आर्द्रता, दवबिंदू २० अंशांच्या आसपास. म्हणजे १२ अंशांचा साचा हिवाळ्यातही घामेजणार. पुण्याचा जुलै, २५ अंश आणि ८५ टक्के, दवबिंदू २२ अंश, तिथेही तेच. कोकणावर लादलेला दोष घाटावरच्या कारखान्यातही हजर आहे, आणि कोकणात तो पाऊस सरल्यावरही राहतो. उपाय मात्र कुठेही सारखाच आहे. साच्याच्या पाण्याचे तापमान दवबिंदूच्या वर ठेवायचे. ते शक्य नसेल तर साच्याभोवती आडोसा करून कोरडी हवा सोडायची. आणि मशीन थांबवण्याआधी चिलरचे पाणी बंद करायचे. यात सायकलला काही सेकंद वाढतात. त्या सेकंदांची किंमत आणि रिजेक्शनची किंमत यांची तुलना प्रत्येकाने आपापल्या वहीत करावी.

पावसाबरोबर येणारे इतर

पावसाळ्यात रिजेक्शन वाढते, या अनुभवाचे मग काय? तो खरा आहे, पण पाऊस एकटा येत नाही. वादळी वाऱ्यात वीज जाते. २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळाने सिंधुदुर्गात काय केले ते लोक विसरलेले नाहीत. वीज गेली की बॅरलमधला माल तापलेल्या अवस्थेत अडकून पडतो आणि करपतो. वीज आल्यावर पर्जिंग न करता, म्हणजे तो माल बाहेर काढून न टाकता, उत्पादन सुरू केले की पिवळट रेघा आणि काळे ठिपके येतात. शिवाय खाऱ्या हवेत साध्या पोलादाचा साचा लवकर गंजतो. गंजाचे बारीक खड्डे प्रत्येक पिसावर उमटतात. साच्यातली हवा जाण्यासाठी ठेवलेल्या व्हेंटच्या फटीत गंज साचला तर हवा बाहेर पडत नाही, दबून तापते आणि प्लास्टिकची कड जाळते. गंज रोखायला मारलेले तेल नीट पुसले नाही तर पहिल्या काही शॉटवर त्याचेही डाग येतात.

करपलेला माल, घामेजलेला साचा, गंजलेला व्हेंट, ओले नायलॉन: ही चार कारणे वेगळी, त्यांचे उपाय वेगळे. चौघांना 'हवा' हे एकच नाव दिले की चौघेही सुटतात. आणि सवय इतकी जडते की ज्या डागांचा हवेशी सुतराम संबंध नाही तेही तिच्या खात्यावर टाकले जातात. जाड रिबच्या पाठीमागे पडणारा खड्डा, म्हणजे सिंक मार्क, हा साच्याच्या आखणीचा दोष आहे. रिबची जाडी मूळ भिंतीच्या ५०-६० टक्क्यांत ठेवली आणि गेट गोठेपर्यंत होल्डिंग प्रेशर दिले तर तो पडत नाही. गेट गोठले की नाही हे कळायला वजनकाटा पुरतो: होल्डिंगची वेळ वाढवूनही पिसाचे वजन वाढेनासे झाले की समजावे. वेल्ड लाइन दोन प्रवाहांच्या गाठीवर पडते. तिचा इलाज साच्याचे तापमान, वेग आणि गेटची जागा यांत आहे.

कारण शोधण्याची रीत

खंडनानंतर मंडन. अन्वय-व्यतिरेक, म्हणजे कारण असताना कार्य होते आणि नसताना होत नाही हे पाहणे, ही आपल्या तर्कशास्त्राची रीत मशीनवर तंतोतंत लागू पडते, एकच अट पाळून: एका वेळी एकच बदल. पहिली कसोटी, माल साच्यात न सोडता नोझलमधून हवेत काढा. तो फेसाळ आणि फुगलेला असेल तर दोष दाण्यात किंवा बॅरलमध्ये. गुळगुळीत, चकचकीत असेल तर साच्याकडे वळा. दुसरी, डागाची जागा पाहा. दर शॉटला त्याच ठिकाणी येत असेल तर साचा, गेट किंवा वेग. जागा बदलत असेल तर माल. तिसरी, बॅक प्रेशर थोडे वाढवा. डाग घटला तर हवा अडकत होती. चौथी, बॅरलचे तापमान उतरवा. डागाबरोबर पिवळेपणा आणि वासही गेला तर माल करपत होता. पाचवी, चिलर बंद करून साचा दवबिंदूच्या वर येऊ द्या. डाग गेला तर तो दवाचा होता. पॉलिकार्बोनेटसारख्या मालासाठी आणखी एक सोपी परीक्षा आहे: तापलेल्या दोन काचपट्ट्यांत चार-पाच दाणे दाबायचे. चकती स्वच्छ राहिली तर दाणे कोरडे. बुडबुड्यांची गर्दी झाली तर ओले.

आता दोन आक्षेप. पहिला खर्चाचा: छोट्या कारखान्याला हे परवडते का? उत्तर मालावर अवलंबून आहे. क्रेट, बादल्या, खुर्च्या करणाऱ्याला महागडा ड्रायर लागतच नाही. एबीएसला हॉपर ड्रायर चालतो. डिह्युमिडिफाइंग ड्रायर लागतो तो नायलॉन, पॉलिकार्बोनेट आणि पेट यांच्यासाठी, आणि तो पुण्याच्या शहाण्या कारखानदारालाही घ्यावाच लागतो. दवबिंदू काढायला तापमान आणि आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र आणि एक तक्ता पुरतो.

दुसरा आक्षेप अधिक धोक्याचा आहे: डाग शेवटी दिसण्यापुरता, रंग मारला की झाकला जातो. एबीएसच्या बाबतीत हे काही अंशी खरे. पण पॉलिकार्बोनेट, पेट आणि नायलॉन ओल्या अवस्थेत वितळले की पाणी त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडते. वस्तू ठिसूळ होते, आणि तो ठिसूळपणा रंगाखाली तसाच राहतो. कधी कधी तर पृष्ठभाग स्वच्छ दिसतो आणि माल आतून कमकुवत झालेला असतो. डाग ही सूचना आहे. ती पुसून टाकणे म्हणजे वस्तू मोडेपर्यंत वाट पाहणे.

तेव्हा सिद्धांत असा: दमट हवा हे सिल्व्हरचे कारण नाही. दाणा कोणता, तो कसा ठेवला व वाळवला, साचा किती थंड ठेवला आणि मशीन कसे चालवले, यांवर डाग ठरतो. आणि या चारही गोष्टी माणसाच्या हातात आहेत. ओरोसच्या उद्योग केंद्रात मोल्डिंगचा प्रकल्प अहवाल घेऊन जाणाऱ्या तरुणाने त्यात चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत: माल कोणता, तो कशाने वाळवणार, साच्याचे पाणी किती अंशांवर ठेवणार, आणि वीज गेली तर बॅरल कसे मोकळे करणार. ही उत्तरे नीट असतील तर 'हवा दमट आहे' एवढ्या कारणावरून त्याला कोणी दमणची वाट दाखवू नये.